वरोऱ्याचा डब्लू

विदर्भातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून "ए डब्लू!" अशी हाक मारा. कुठल्यातरी ओट्यावरून एक इसम मान वर करतोच. तो आठ वर्षांचा असू शकतो, अठ्ठावन्न वर्षांचाही असू शकतो. त्याचा मोठा भाऊ बहुधा बबलू असतो. शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव प्रफुल्लकुमार वगैरे असतं, पण ते गावाला थेट लग्नपत्रिकेत वाचायला मिळतं, आणि पत्रिका उलटसुलट करून लोक विचारतात, "हा कोण होय बाप्पा?"

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या वरोऱ्यात असे डब्लू पुष्कळ. त्यांतला सगळ्यांत ज्येष्ठ रेल्वे स्टेशनवर राहतो. पिवळ्या पाटीवर गावाचं इंग्रजी नाव त्याच्यापासूनच सुरू होतं: डब्ल्यू, ए, आर, ओ, आर, ए. रेल्वेनं गावाला दिलेली खूण डब्ल्यू-आर-आर. तिथंही मानाचं पान त्याचंच. इथला कोळसा वाहून न्यायला इंग्रजांनी १८७० च्या दशकात वर्ध्याहून रूळ आणले. कोळशाची ती सरकारी खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण हा डब्ल्यू काही सेवानिवृत्त झाला नाही. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या 'महारोगी सेवा समिती, वरोरा' या संस्थेच्या इंग्रजी नावात तो दोनदा येतो, एकदा 'सेवा'त आणि एकदा 'वरोऱ्या'त. तिचं 'आनंदवन' इंग्रजीत लिहायला घ्या, तिथंही तो हजर.

गावाबाहेर मात्र त्याला कोणी विचारत नाही. पुण्यामुंबईचे नातेवाईक पाकिटावर बिनदिक्कत व्ही घालतात. तो घालताना आपण चूक करतोय असं त्यांना वाटत नाही, आपण सुधारणा करतोय असं वाटतं. 'व' म्हणजे व्ही, हे त्यांना तिसरीतच कळलेलं असतं, आणि तिसरीत कळलेल्या गोष्टीवर पुणेकर पुन्हा चर्चा करत नाही. एखादा सरकारी फलक त्यांच्या बाजूनं उभा राहतो, एखादं संकेतस्थळ त्याची री ओढतं, आणि बघता बघता एकाच गावाची इंग्रजीत दोन गावं होतात.

या दोन गावांची गाठ पडते ती सेतू केंद्रात. सकाळी अकराची वेळ. पंखा फिरतोय, प्रिंटर ठसकतोय, आणि हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन एक काकाजी खुर्चीत बसलेत. पिशवीत जन्मापासूनचे सगळे कागद, त्यांच्या झेरॉक्सा, झेरॉक्सांच्या झेरॉक्सा. समोर ऑपरेटर पोरगा. तो एक डोळा आधार कार्डावर ठेवतो, दुसरा पासबुकावर.

"काकाजी, आधारवर गाव डब्लूनं हाये. पासबुकात व्हीनं हाये."

"गाव तं एकच हाये ना बेटा?"

"गाव एकच हाये जी. पण कॉम्प्युटरले कसं समजन?"

"त्याले सांग."

"त्याले सांगता नाही येत. त्यानं इचारलं तं भरता येते."

काकाजी थोडा वेळ पंख्याकडं बघतात. "मंग आता मी कोन्या गावचा?"

पोरगा स्क्रीनवर वरखाली करतो. "सध्या तं कोन्याच नाही."

यावर उपाय असतो प्रतिज्ञापत्राचा. शेजारच्या टेबलावर त्याचा नमुना तयार असतो, फक्त तो माणसांच्या नावांसाठी केलेला असतो. त्यामुळे काकाजी ज्या कागदावर सही करतात त्याचा आशय साधारण असा होतो: मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, डब्ल्यूने सुरू होणारे वरोरा व व्हीने सुरू होणारे वरोरा ही एकाच व्यक्तीची नावे असून, सदर व्यक्तीस मी जन्मापासून ओळखतो. यातला दुसरा भाग तरी शंभर टक्के खरा असतो.

आता यात बरोबर कोण? पुणेकर की पाटी? मी पाटीच्या बाजूनं आहे. गावकरी आहे म्हणून नाही. पुरावा आहे म्हणून.

पुरावा आपल्याच मराठीत आहे. इंग्रजी शब्द मराठीत आणताना आपण काय करतो ते पाहा. वॉशिंग्टन, विल्यम, विल्सन, वॉर्ड, वायर, वेटर, वेल्डिंग. हे सगळे डब्ल्यूचे, आणि सगळ्यांना आपण मुकाट्यानं 'व' दिला. व्हिक्टोरिया, व्हॅन, व्हिडिओ, व्होल्टेज, व्हॅसलिन. हे व्हीचे, आणि यांच्यासाठी आपण 'व'ला 'ह' जोडून खास 'व्ह' ठेवला. हा 'व्ह' काही साहेबानं दिलेला नाही. केव्हा, जेव्हा, जिव्हाळा, व्हावे, असा तो आपल्या घरात होताच. व्ही आल्यावर त्याला कामाला लावलं, एवढंच. डब्ल्यूच्या मागं एच असेल तर आपण त्या एचलाही वाऱ्यावर सोडत नाही, 'व्ह' करतो: व्हील, व्हाइट, व्हिस्की. (शेवटचा शब्द चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ या दारूबंदीच्या काळात नुसता उच्चारायचीच काय ती सोय होती.)

तेव्हा मराठी कानाचा कायदा स्वच्छ आहे. डब्ल्यू म्हणजे व, व्ही म्हणजे व्ह. त्या कायद्यानं व्हीचं वरोरा वाचायला गेलं तर 'व्हरोरा' होतं. एकदा मोठ्यानं म्हणून बघा: "मी व्हरोऱ्याचा." दाढ काढून नुकतेच बाहेर आलात असं ऐकणाऱ्याला वाटेल. शिवाय हा न्याय लावला तर खरी पंचाईत वरोऱ्याची नाहीच. ती आहे विदर्भाची. वर्धा डब्ल्यूनं, वणी डब्ल्यूनं, वाशीम डब्ल्यूनं, वरुड डब्ल्यूनं, वडसा डब्ल्यूनं. आणि हे सगळे ज्या प्रदेशात राहतात तो विदर्भ मात्र व्हीनं. घरातली सगळी माणसं एका आडनावाची आणि दारावरच्या पाटीवर दुसरंच. स्वतंत्र विदर्भाच्या मागणीत कोणी हा मुद्दा अजून घेतलेला दिसत नाही, घ्यायला हरकत नाही.

आमच्याच जिल्ह्यातले ज्येष्ठ नेते विजय वडेट्टीवार यांचं इंग्रजी नाव बघा. विजयला व्ही आणि वडेट्टीवारला दोन डब्ल्यू. मराठीत तीन 'व', तिन्ही एकाच ओठांतून येणारे, एकाच माणसाचे. इंग्रजीत दोघे एका पक्षात आणि एक दुसऱ्यात.

हा घोळ केला कोणी? थोडा कानानं, थोडा सरकारनं. आपला 'व' इंग्रजांच्या व्हीइतका दातांवर आपटत नाही आणि त्यांच्या डब्ल्यूइतका ओठांचा चंबूही करत नाही. तो मधल्यामध्ये निघून जातो. इंग्रज कारकुनाला जो भास झाला तो त्यानं लिहिला. ठिकठिकाणच्या कारकुनांचे भास जुळेनात, तेव्हा एकोणिसाव्या शतकात विल्यम विल्सन हंटर या साहेबाच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत सरकारनं मान्य केली. देशी नावं रोमन अक्षरांत कशी लिहायची त्याचे नियम. त्यात 'व' साठी व्ही किंवा डब्ल्यू, दोन्ही चालतील अशी मोकळीक. सरकारी नियमात 'किंवा' आला की पुढची दीडशे वर्षं सेतू केंद्राची सोय होते. बरं, हा साहेब स्वतः कोण? विल्यम आणि विल्सन. दोन दोन डब्ल्यू नावात घेऊन फिरणारा माणूस, आणि आमच्या एकाबद्दल त्याला ठाम भूमिका घेता येऊ नये!

मुंबईत तरी काय वेगळं आहे? वरळी, वडाळा डब्ल्यूनं. विक्रोळी, विलेपार्ले, विरार व्हीनं. पुढं 'इ' आली की व्ही आणि 'अ' आला की डब्ल्यू, असा नियम इथं सापडला असं वाटून मी खूश होतो तोच वसई आणि वाशी आडव्या येतात. दोघी व्हीच्या.

परदेशात मात्र आमची बाजू भक्कम आहे. जर्मन लोकांचा डब्ल्यू म्हणजे सरळ 'व'. ज्या मोटारीला आपण फोक्सवॅगन म्हणतो तिच्यात व्हीचा 'फ' होतो आणि डब्ल्यूचा 'व'. म्हणजे जर्मन माणूस स्टेशनवर उतरला तर 'वरोरा' अचूक वाचेल. त्यानं आपला नियम ताठरपणे लावला तर विदर्भाचं 'फिदर्भ' मात्र होईल. पोलंडमध्ये तर प्रश्नच मिटला. त्यांच्या वर्णमालेत व्ही हे अक्षरच नाही. त्यांच्या राजधानीचं नाव लिहायचं डब्ल्यूनं आणि म्हणायचं 'वर्शावा'. इंग्रजांनी तिचं वॉर्सा केलं, ते त्यांनाच लखलाभ.

आणि एका गोष्टीसाठी डब्ल्यूचे पाय धरावेत. आपला 'व' पूर्वी एका तिसऱ्याच अक्षराच्या तावडीत सापडायचा. वऱ्हाडचं इंग्रजीत बेरार झालं. वडोद्याचं बरोडा झालं. वसईचं बॅसीन झालं. आणि वाशीम जुन्या सरकारी कागदांत बासिम म्हणून पडलंय. म्हणजे व्ही आणि डब्ल्यू भांडतायत ही चैन आहे. वेळ वाईट असती तर आज आम्ही 'बरोरा' झालो असतो. वणीवर तर वेगळाच प्रसंग आला होता. इंग्रजांनी तिचं स्पेलिंग केलं डब्ल्यू, यू, एन. हे 'वुन' म्हणायचं की 'वन', ते ज्याचं त्याला माहीत. अख्ख्या जिल्ह्याला हेच नाव होतं. १९०५ मध्ये ते बदलून यवतमाळ केलं, त्याचंही स्पेलिंग असं की वाचणारा 'येओटमल' म्हणून गप्प बसे. एक नंबरचा जिल्हा असं वाजणारं नाव हातचं गेलं ते गेलंच.

डब्ल्यूच्या पोटात एक धोका आहे, तो लपवत नाही. त्याच्यापुढं ए आणि आर आले की इंग्रजीत युद्ध होतं. आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ही तीन अक्षरं जितकी पिकतात तितकं धानही पिकत नसेल. तेलंगण खेटून असल्यामुळं इथं 'वार' लागलेली आडनावं गल्लोगल्ली. मुनगंटीवार, वडेट्टीवार, पद्मावार, कोत्तावार, बोगावार. तेलुगूतल्या 'वारु'चा हा 'वार'. त्यात आदर आहे, घराण्याची माणसं असा भाव आहे, तलवार कुठंच नाही. पण पत्रिका इंग्रजीत छापली की खालच्या 'आपले विनीत' मध्ये ओळीनं आठ युद्धं दिसतात. मंगल कार्यालयात जाऊन बघावं तर सगळे विनीत अहेराची पाकिटं मोजत शांतपणे बसलेले.

यातलं एक आडनाव तर खरोखरच युद्धामुळं राज्याच्या गादीवर बसलं. १९६२ मध्ये चीननं हल्ला केला, नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतलं, आणि नोव्हेंबर महिन्यात महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले ते आमच्या चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर त्या दिवसांत सीमेवरचं वॉर आणि मुंबईतले कन्नमवार शेजारी शेजारी छापले गेले असणार. माणूस अत्यंत साधा. वर्षभरानंतर पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावातल्या युद्धाकडं मराठी माणसाचं कधी लक्षही गेलं नाही, कारण त्यानं ते नाव कधी इंग्रजीत वाचलंच नव्हतं.

आठवड्याचं काय करणार? सोमवार इंग्रजीत लिहिला की 'सम वॉर', म्हणजे किरकोळ चकमक. ऑफिसात जाणाऱ्यांना हे पटेल. नऊवार लिहिली की 'नाऊ वॉर', तात्काळ युद्ध. नेसवणारी आणि नेसणारी यांच्यात ते होतंच. आणि मग येतं आमचं गाव. वॉर. ऑर. अ. युद्ध, किंवा एक... आणि पुढचा शब्द लिहायचा राहून गेलाय! इंग्रजी ही ज्याची मातृभाषा आहे असा कोणी फलाटावर उतरला तर तो पाटीच्या मागं जाऊन उरलेलं वाक्य शोधेल. शोधण्याची गरज नाही. वरोऱ्यात तो पर्याय एक कट चहा असा असतो आणि बहुतेक प्रकरणं तिथंच मिटतात.

तसं पाहिलं तर आमच्या बाजूची सगळीच वाट इंग्रजीतून वाचणाऱ्याला घाबरवणारी आहे. नागपूरहून निघालात की हैदराबादचा महामार्ग जिथं सोडून चंद्रपूरकडं वळायचं त्या गावाचं नाव जाम. जे, ए, एम. कित्येक किलोमीटर आधीपासून फलक सांगत असतात की जाम इतकं इतकं लांब आहे. नवखा ड्रायव्हर ते वाचून गाडी हळू करतो आणि मागं खराखुरा जाम होतो. पुढं भद्रावती, जिचं स्टेशन भांदक. त्याच्यापुढं बल्लारपूर, ज्याचं स्टेशन बल्हारशाह, आणि त्यात एल किती आणि एच कुठं, यावर दोन तिकीट तपासनीसांचं एकमत झालेलं मी पाहिलं नाही. गोंदियाच्या मार्गावर मूल मारोडा. इंग्रजी पाटीवर मारोड्याच्या 'ड'चा आर झाला आणि 'मरोरा' तयार झालं. म्हणजे आमच्याच गावाचं यमक, फक्त डब्ल्यू उलटा टांगलेला.

चांद्याची गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो. 'चांद्यापासून बांद्यापर्यंत' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं अख्खा महाराष्ट्र उभा राहतो. तेच इंग्रजी अक्षरांत लिहा आणि एखाद्या हिंदी भाषिकाला वाचायला द्या. तो वाचतो, 'चंदा ते बंदा', आणि वर्गणी मागायला माणूस आला असं समजून खिसा घट्ट धरतो. १९६४ च्या सुमारास चांद्याचं चंद्रपूर झालं. रेल्वेच्या खुणेत ते अजून सी-डीच आहे. बाजारातून सीड्या गेल्या, पेन ड्राइव्हही गेले, स्टेशन आपलं सीडी.

मोबाइल आल्यापासून डब्लूच्या मागं नवं झेंगट लागलंय. इंग्रजीत गावाचं नाव टाइप करा. फोन एक क्षण थांबतो, हा माणूस काहीतरी चुकतोय असं ठरवतो, आणि डब्ल्यू पुसून दोन पर्याय पुढं करतो: अरोरा आणि ऑरोरा.

अरोरा मी समजू शकतो. ते पंजाबी आडनाव, मूळ सिंधमधल्या अरोर गावावरून आलेलं. रोहरीजवळ ते प्राचीन शहर होतं. एका पार्सलवाल्यानं तर पत्त्यातलं गावाचं नाव हे माझं नाव समजून फोन केला होता. "डब्ल्यू. अरोरा साहब बोल रहे हैं?" मी हो म्हटलं. पार्सल आलेलं असताना आडनावावरून वाद घालू नये.

ऑरोरा मात्र बाई निराळी आहे. ती रोमन लोकांची पहाटेची देवता. इंग्रजीत मुलींचं नाव म्हणून चालतं, आणि अमेरिकेत तर हल्ली बारशाला या नावाची भलतीच चलती आहे. ग्रीकांची ईऑस आणि आपल्या ऋग्वेदातली उषस् या तिच्या सख्ख्या बहिणी. तिघी एकाच मूळ शब्दाच्या लेकी, असं भाषांचे अभ्यासक सांगतात. म्हणजे शिकागोत जी ऑरोरा, तीच आमच्या मालवीय वॉर्डातली उषाताई. इतकं भारदस्त नाव, आणि डिझ्नीच्या १९५९ च्या चित्रपटात ते कोणाला दिलं, तर जी मुलगी टकळी टोचून झोपते आणि राजपुत्र येईपर्यंत काही केल्या उठत नाही तिला. नाव पहाट आणि झोप ही अशी! आमच्या उषाताई साडेचारला उठून पाणी भरतात. उन्हाळ्यात पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसला टेकतो तेव्हा तर पहाट हीच काय ती जगण्याची वेळ असते, तेवढ्यापुरता फोनचा पर्याय अगदीच वाईट नाही.

पण याहून मोठी गंमत रशियात आहे. ऑरोरा नावाची एक युद्धनौका होती. १९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीत पेट्रोग्राडच्या हिवाळी राजवाड्यावर चढाई करायचा इशारा म्हणून तिनं तोफेचा एक कोरा बार काढला. जगाच्या इतिहासात इतका गाजलेला कोरा बार दुसरा नाही. आज ती सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत संग्रहालय होऊन उभी आहे. आता जुळवून बघा. नौका युद्धाची, म्हणजे वॉर. नाव ऑरोरा. दोन्ही मिळून काय झालं? आणि एवढ्यावर ज्यांचं समाधान होणार नाही त्यांच्यासाठी: रशियन माणूस तिला ऑरोरा म्हणतच नाही. त्याच्या भाषेत ते नाव 'अव्रोरा' असं आहे. अ पुसा. उरलं काय ते स्टेशनवर जाऊन वाचा. आमच्या गावात डाव्या पक्षाची सभा झाली तेव्हा कोणीतरी हा योगायोग वक्त्याला सांगायला हवा होता, टाळ्या मिळाल्या असत्या.

स्पेलिंगच्या बाबतीत एवढा न्यूनगंड आपल्याला का असावा, हे मला कळत नाही. ज्यांची ती भाषा, ते तरी कुठं धड लिहीत होते? शेक्सपिअरच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या सहा सह्या आज शिल्लक आहेत. त्यांत आडनावाचं स्पेलिंग एकसारखं नाही, आणि आज आपण शाळेत जे घोकतो ते तर एकाही सहीत नाही. एवढा थोर नाटककार, पण आमच्या सेतू केंद्रात त्याला उत्पन्नाचा दाखला मिळाला नसता. पोरग्यानं सांगितलं असतं, "शेक्सपिअर काकाजी, सही मॅच नाही होऊन राहिली."

स्मिथचंच घ्या. चांदा जिल्ह्याच्या पहिल्या मोठ्या जमाबंदीचा अहवाल १८६९ मध्ये लिहिणारा अधिकारी लुसी स्मिथ. गावोगावची शेतं, तळी, जंगलं, घरं यानं मोजून ठेवली, अजून अभ्यासक तो अहवाल उघडतात. स्मिथ म्हणजे धातू ठोकणारा, आपल्या भाषेत लोहार. आणि चंद्रपूर जिल्ह्यात लोखंडाच्या दगडासाठी नावाजलेली टेकडी कुठं, तर लोहाऱ्याला. हे लोहारसाहेब लोहाऱ्याच्या मुलखात नेमले गेले यात इंग्रज सरकारची योजकता नव्हती, पण असती तरी इतकी नेमकी झाली नसती. हे स्मिथ नाव तरी एकसारखं लिहितात का? कोणी आय घालतो, कोणी वाय, कोणी वाय घालून वर शेवटी एक ई लावतो. तो ई लावणारा बहुधा स्वतःला लोहार म्हणवून घेत नाही. विलायतेत त्यांना कोणी प्रतिज्ञापत्र मागत नाही. ते तिघे स्मिथ तीन वेगळी घराणी म्हणून सुखानं राहतात.

मी इतका वेळ इंग्रजीला नावं ठेवली, पण देवनागरीतही आमचं गाव सुखी नाही. नुसतं 'वरोरा' असतं तोवर निर्मळ. तीन अक्षरं, एक मात्रा, एक काना आणि त्याच्यापुढं परत एक. विभक्ती लागली की संकट. वरोऱ्याला, वरोऱ्यात, वरोऱ्याचा. यातला तो अर्धा 'र', पुढं आडवी रेघ काढून 'य'ला जाऊन भिडणारा, हा मराठीचा खास दागिना. आचाऱ्याला आणि आचार्याला यांतला फरक तोच करतो. तो नसेल तर एकाला जेवणाची सुपारी द्यायची आणि दुसऱ्याला पीएचडी, हे कसं कळणार? पण फोनच्या कळफलकावर तो लवकर सापडत नाही. मग 'र'चा रफार होतो, 'य'च्या डोक्यावर चढून बसतो, आणि 'वरोर्यात' असं काहीतरी उमटतं. वाचताना जीभ सूर्याकडं जाते. छापखान्यात अक्षर फुटलं तर मधे एक टिंबांचं वर्तुळ येतं, ते निराळंच. स्थानिक वार्ताहरांनी यावर शोधलेली युक्ती बघायची असेल तर कोणतीही जिल्हा आवृत्ती उघडा. वरोऱ्यात कधी काही घडत नाही. सगळं 'वरोरा येथे' घडतं. अपघात वरोरा येथे, उद्घाटन वरोरा येथे, बिबट्या वरोरा येथे. बिबट्या वरोऱ्यात आला असता तर उपसंपादकाला रात्री अर्धा 'र' शोधावा लागला असता.

नावामुळं टपाल चुकतं ही तक्रार काही आजची नाही. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी ज्या गावात जाऊन राहिले त्याचं नाव होतं सेगाव. त्यांची पत्रं जाऊन पोचायची शेगावला, गजानन महाराजांच्या गावी. 'स'चा 'श' झाला की पत्राला दोन जिल्ह्यांचा प्रवास घडायचा. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. गांधीजींनी सत्ता हलवली, पण टपाल खात्यापुढं गावानं माघार घेतली. आणि नवं नाव तरी इंग्रजीत एका तऱ्हेनं लिहावं? कुठं व्हीनं सेवाग्राम, कुठं डब्ल्यूनं. सेवा ती सेवाच, असं म्हणून लोक चालवून घेतात.

आमचं गाव नाव बदलणार नाही. त्याला दुसरं नाव सुचवणारी समिती आली तर लोक तिला आधी चहा पाजतील. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. लग्नपत्रिका, औषध, पुस्तक, काही पाठवायचं असेल तर शक्यतो मराठीत लिहा: वरोरा, जिल्हा चंद्रपूर. इंग्रजीतच लिहायचं असेल तर डब्ल्यूनं लिहा. हाताला व्हीची सवय असेल आणि ती सुटत नसेल, तर व्हीनं लिहा, आमचा पोस्टमन समजून घेतो. पिनकोड मात्र ४४२९०७ असाच टाका, त्यात सुधारणा करू नका.